वाचनमास्तरांचा पहिला सिगार

तंबाखूच्या गावात राहून सिगार न ओढणाऱ्या माणसाकडे लोक कीव येऊन बघतात. एवेलिओ मोन्तिएल यांच्याकडे कुणी तसं बघत नसे, कारण ते ओढत नाहीत हे कुणाला ठाऊकच नव्हतं. बायको निएवेस, शेजारी फाउस्तिनो आणि स्वतः एवेलिओ, एवढ्या तिघांनी हे गुपित बावीस वर्षं सांभाळलं होतं. पिनार प्रांतातल्या त्या गावात कोंबडीनं अंडं घातल्याची बातमी कोंबडी उठायच्या आत बाजारात पोचते. तेव्हा ही कामगिरी काही लहान नव्हती.

आता, न ओढणं हा काही गुन्हा नाही. पण एवेलिओ सिगारच्या कारखान्यातच नोकरीला होते, वाचक म्हणून. तिथे दीडशे बाया-पुरुष बाकांवर ओळीनं बसून सिगार वळतात. हात गुंतलेले, डोकी रिकामी. म्हणून समोरच्या चौथऱ्यावर खुर्ची टाकून एक माणूस त्यांना दिवसभर वाचून दाखवतो, सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी. हा माणूस साहेब नेमत नाही. कामगार हात वर करून निवडतात, आणि दर वर्षी कारखान्याच्या वाढदिवशी तसेच हात वर करून त्याला ठेवायचं की काढायचं ते ठरवतात. वाचन आवडलं की पान कापायच्या सुऱ्या समोरच्या फळीवर वाजवतात. नाही आवडलं की त्या जमिनीवर टाकतात. एवेलिओंच्या आधीच्या वाचकानं एका कादंबरीतली कंटाळवाणी वीस पानं गाळली होती आणि कुणीतरी ती कादंबरी आधी ऐकलेली निघाली. दीडशे सुऱ्या एकदम खाली पडल्याचा आवाज तो बिचारा म्हणे अजून झोपेत ऐकतो. हल्ली तो बस-स्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारतो आणि एकही गाळत नाही.

कारखान्यात प्रत्येकाला रोज दोन सिगार ओढायला मिळत. वळणारे आपापल्या हातचे घेत. वाचकाला स्वतःच्या हातचे कुठून असणार? म्हणून जुनी रीत अशी होती, की रोज एका बाकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं त्या दिवशीचे आपले सर्वांत सुबक दोन सिगार मास्तरांना द्यायचे. एवेलिओ ते दोन्ही हातांनी घेत, नाकाशी नेत, डोळे मिटत आणि शर्टाच्या खिशात ठेवून ताठ मानेनं घरी जात. घरी गेल्यावर कुंपणावरून ते फाउस्तिनोच्या हातात पडत.

फाउस्तिनो निवृत्त न्हावी. मोबदल्यात तो एवेलिओंचे केस फुकट कापी आणि हंगामात अवोकाडो देई. शिवाय रोज सकाळी कुंपणावरून निकाल सांगे, "सुरुवातीला जरा घट्ट होता, पण मध्यावर आला आणि काय गोड लागला म्हणतोस!" एवेलिओ कारखान्यात जाऊन तो निकाल शब्दन् शब्द पोचवत, "एमेतेरिओ, सुरुवातीला जरा घट्ट होता हं, पण मध्यावर..." ज्याचा सिगार तो एमेतेरिओ लाजून लाल होई. असं करता करता मास्तरांच्या जिभेचा दबदबा वाढला. राजधानीहून तपासनीस आला तर वळणारे म्हणत, "तुमची तपासणी ठेवा बाजूला, आमच्या मास्तरांना विचारा."

एवेलिओंना या सगळ्याची लाज वाटत नव्हती असं नाही. पण त्यांचे आजोबा प्रोटेस्टंट पाद्री होते आणि त्यांनी सात वर्षांच्या एवेलिओला बायबलवर हात ठेवायला लावून तंबाखूची शपथ घातली होती. पुढे आजोबा गेले. देवावरचा विश्वासही वरणात पाणी घालावं तसा हळूहळू पातळ झाला. शपथेची जागा मात्र गळ्याच्या काळजीनं घेतली. गळा हेच भांडवल. पहिल्या दिवशीच सांगून टाकायला हवं होतं, पण पहिल्या दिवशी माणूस लाजतो, दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो आणि बावीस वर्षांनंतर तर सांगायला तोंडच उरत नाही.

सगळं बिघडलं ते ओब्दुलियाबाईंच्या एका चांगल्या कल्पनेमुळे. ओब्दुलियाबाई म्हणजे पहिल्या ओळीतल्या सर्वांत ज्येष्ठ वळणाऱ्या आणि वाचन-समितीच्या अध्यक्षा. कुठली कादंबरी घ्यायची, कुठली अर्ध्यात टाकायची, हे त्या ठरवत. ऑक्टोबरात कारखान्याला साठ वर्षं पुरी होत होती. बाई म्हणाल्या, "या महिन्यात कादंबरी नको. प्रत्येकानं आपला पहिला सिगार कसा ओढला ते सांगायचं. मास्तर उतरवून घेतील आणि वाचतील."

ही कल्पना इतकी चालली की पूर्वी दुपारी पेंगणारे लोक जागे राहू लागले. एमेतेरिओनं पहिला सिगार चर्चच्या घंटेखाली लपून ओढला होता आणि नेमकी त्याच वेळी घंटा वाजली होती. त्याच्या मते त्याचा डावा कान तेव्हापासून फक्त अमंगळ बातम्या ऐकतो. एका बाईनं नवऱ्याला घाबरवण्यासाठी ओढायला घेतला, तर नवऱ्यानं कौतुकानं शेजाऱ्यांना बोलावून आणलं. आणि ओब्दुलियाबाईंची आठवण अशी होती. त्यांची आईही वळणारी. सोळाव्या वर्षी बाईंनी कारखान्याच्या परीक्षेत पास झालेला पहिला सिगार घरी नेला. आईनं तो पेटवला, अर्धा ओढला, उरलेला अर्धा लेकीच्या हातात दिला आणि म्हणाली, "बरा आहे." बाईंनी पुढे सांगितलं होतं, "आईनं मला जन्मात दुसऱ्या कशालाही बरं म्हटलं नाही. मी तो शेवटपर्यंत ओढला, ओठ भाजेपर्यंत." हे वाचून एवेलिओंनी कागद खाली ठेवला. सुऱ्या बराच वेळ वाजल्या नाहीत. मग सगळ्या एकदम वाजल्या.

त्या गोंधळातच बाई उठून म्हणाल्या, "आणि मास्तर, शेवटची आठवण तुमची! पुढच्या शनिवारी, वाढदिवसाला. ती ऐकायची आणि मग तुमच्यासाठी हात वर करायचे. काय मंडळी?"

दीडशे सुऱ्या वाजल्या. एवेलिओंनी हसून मान झुकवली. ती पुन्हा वर करायला त्यांना बराच वेळ लागला.

सोमवारी त्यांनी घरी बसून एक आठवण लिहिली. तीत नदी होती, संध्याकाळ होती, आजोबांची डुलती खुर्ची होती, आणि थरथरत्या हातानं नातवाला सिगार देणारे आजोबा होते. निएवेसनं काळ्या घेवड्यातले खडे वेचता वेचता ते ऐकलं.

"आजोबा कुणाचे?" तिनं विचारलं.

"माझेच."

"तुझे आजोबा चौकात उभे राहून सिगारवाल्यांना नरकाचा पत्ता सांगायचे. अर्ध्या गावानं त्यांच्या शिव्या खाल्ल्यात. एमेतेरिओच्या बापाच्या तोंडातून त्यांनी सिगार ओढून काढून गटारात टाकला होता, भर मिरवणुकीत."

"मग काकांचं नाव घालतो."

"काका तर अजून जिवंत आहेत, आणि शनिवारी फुकटची बिअर प्यायला येणार आहेत."

एवेलिओंनी कागद फाडला. आणि मग त्यांच्या डोक्यात तो विचार आला, जो कुठल्याही सभ्य माणसाच्या डोक्यात येऊ नये. एक सिगार खरोखरच ओढायचा. अनुभव अस्सल, तपशील अस्सल, फक्त तारीख तीस वर्षं मागे ढकलायची. तारीख हा काय, किरकोळ तपशील. इतिहासाच्या पुस्तकांतसुद्धा चुकतो.

पण फाउस्तिनोला दोनाऐवजी एकच सिगार मिळणार म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला आणि कारण कळल्यावर उजळला. "अरे, मग तू माझ्याकडे शिकवणी लाव! बावीस वर्षं माझी जीभ तुझ्या तोंडात आहे, आता जरा तुझी वापर." त्यानं पहिला धडा दिला, "उपाशीपोटी ओढायचा नाही." त्याच्या बायकोचं म्हणणं, भरल्या पोटी तर मुळीच नाही, सगळं बाहेर येतं. पलीकडच्या घरच्या म्हातारीला हे कुठून कळलं देव जाणे, पण तिनं साखरेचं पाणी आधी प्यावं असा निरोप पाठवला. तिच्या जावयानं ते नंतर प्यावं असा दुसरा. बुधवारपर्यंत गल्लीतल्या सात जणांना एवेलिओंच्या पहिल्या सिगारची माहिती होती आणि प्रत्येकानं ती "आपल्यातच ठेवतो" असं वचन दिलं होतं.

पुढचा प्रश्न जागेचा. घरात ओढायला निएवेसनं साफ नकार दिला. कामाच्या ठिकाणी उत्तम कामगार ठरून तिला मागच्याच वर्षी पूर्व जर्मनीचे पडदे मिळाले होते. "ते पडदे मिळवायला मी अकरा सभांना बसलेय. त्यांना वास लागला तर तू आणि तुझी आठवण दोघंही अंगणात झोपा." अंगणात ओढावा तर रस्त्यावरून अर्धा कारखाना जातो. राहिली समोरच्या तीनमजली इमारतीची गच्ची. तिला कुलूप होतं, कारण तिथे दोन बिऱ्हाडांचं कबुतरांवरून भांडण झालं होतं. किल्ली होती गल्ली-समितीच्या अध्यक्षा मिलाग्रोसबाई यांच्याकडे.

मिलाग्रोसबाई किल्ली अशी देत नसत. त्यांनी वही काढली. "नाव. वेळ. कारण."

एवेलिओ बावीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत आले होते, ऐन वेळी स्वतःचं सुचेना. समोर भिंतीवर वादळाच्या काळात घ्यायच्या काळजीचं पत्रक लावलेलं दिसलं.

"हवामान," ते म्हणाले. "निरीक्षण."

मिलाग्रोसबाईंचे डोळे भरून आले. दोन वर्षं त्या वरच्या कचेरीला लिहीत होत्या, की आमच्या गल्लीला वादळ-निरीक्षक हवा, आणि वरची कचेरी म्हणत होती, स्वयंसेवक दाखवा. त्यांनी एवेलिओंकडून तिथल्या तिथे तीन प्रतींत अर्ज भरून घेतला. गुरुवारी त्यावर दोन सह्या आणि एक शिक्का आला. त्या कचेरीतून एवढ्या लवकर काही आल्याचं गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यासोबत पिवळं हेल्मेट, दंडावर बांधायची लाल पट्टी आणि एक शिट्टी आली.

"एकदा वाजवली तर सावध," मिलाग्रोसबाईंनी समजावलं. "सलग तीनदा वाजवली तर घरं खाली करायची. मास्तर, तुमच्यासारखा जबाबदार माणूस मिळाला, आता मी निर्धास्त झोपेन."

"पण बाई, मला फक्त शुक्रवारी तासभर..."

"वादळ काय वार बघून येतं?"

शुक्रवारी उद्याच्या तयारीसाठी कारखाना दुपारीच सुटला. त्या दिवशीची पाळी होती बेनिग्नोची. बेनिग्नो शेवटच्या ओळीत बसे. सत्तरीचा, अबोल माणूस. त्यानं सिगार देताना एवेलिओंचा हात क्षणभर धरून ठेवला. "मास्तर, हा जरा निराळा केलाय. आतलं एक पान मीच सुकवलंय घरी. सावकाश ओढा आणि सांगा." आजवर बेनिग्नो एवढं कधी बोलला नव्हता.

चार वाजता ते गच्चीवर गेले. डोक्याला हेल्मेट, दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. नियमच तसा होता आणि खालून मिलाग्रोसबाई बघत होत्या. आकाशात औषधाला ढग नव्हता. टाकीच्या आडोशाला बसून त्यांनी सिगार काढला. फाउस्तिनोनं शिकवल्याप्रमाणे टोक कापलं. काडी ओढली, ती मोडली. दुसरी पेटली आणि विझली. तिसरीचं नुसतंच गूल उडून गेलं. सतराव्या काडीला सिगार पेटला. एवेलिओंना वाटलं, चला, अवघड भाग संपला.

ओढणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, की सिगारचा धूर तोंडात घोळवायचा, छातीत घ्यायचा नाही. फाउस्तिनोनंही सांगितलं होतं आणि एवेलिओंनी मान डोलावली होती. पण छाती त्यांच्या ऐकण्यातली नव्हती. बावीस वर्षं तिला एकच सवय. लांब वाक्य समोर आलं, की पोटातून श्वास भरून घ्यायचा, म्हणजे ते मध्ये न तुटता पूर्णविरामापर्यंत जातं. त्यांनी सिगार ओठांना लावला आणि पान-दीड पानाचं वाक्य वाचायला लागेल एवढा धूर एका दमात आत घेतला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. दुसरा झुरका जरा बरा गेला, तिसरा आणखी बरा. चौथ्याला त्यांना खरोखर काहीतरी चव लागली आणि ते नवलानं सिगारकडे बघत राहिले. मग पाण्याची टाकी डावीकडून उजवीकडे निघाली.

गच्ची फिरली, कबुतरं फिरली, गुडघे कुणा दुसऱ्याचेच झाले. एवेलिओ टाकीला धरून खाली बसले, मग टाकीही सोडून आडवे झाले. निएवेसला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं तर गळ्यातून आवाजच निघेना. ज्या आवाजानं दीडशे माणसं बाकांना खिळून राहत, त्याची नुसती हवा बाहेर आली. घाबरून त्यांनी हातात आली ती शिट्टी तोंडात धरली आणि जीव एकवटून फुंकली. कुणी येईना, म्हणून पुन्हा फुंकली. आणि मग, शेवटचा प्रयत्न म्हणून, तिसऱ्यांदा.

गल्लीनं त्या दिवशी जी शिस्त दाखवली, तिचा उल्लेख पुढे वरच्या कचेरीच्या अहवालात आला. चार मिनिटांत घरं रिकामी झाली. निळ्याभोर आकाशाखाली लोक गाद्या, रेडिओ आणि प्रेशर कुकर घेऊन रस्त्यावर आले. फाउस्तिनोनं बायकोआधी झुंजीचा कोंबडा बाहेर काढला. हे त्याला पुढे महिनाभर जेवताना ऐकावं लागलं. निएवेस दोन्ही पडदे खांद्यावर टाकून उभी होती. पलीकडची म्हातारी आकाशाकडे बघून म्हणाली, "येणार येणार! ऊन असलं म्हणजे काय झालं? सव्वीस सालीही आधी असंच ऊन पडलं होतं."

मिलाग्रोसबाई गच्चीवर पोचल्या तेव्हा निरीक्षक हेल्मेट उशाला घेऊन पडले होते. चेहरा कच्च्या केळ्याच्या रंगाचा.

"कुठून येतंय?" बाईंनी धापा टाकत विचारलं.

एवेलिओंनी हातानं पोटाकडे खूण केली.

त्यांना खाली आणून अंगणात बसवल्यावर पुन्हा सल्ल्यांना ऊत आला. साखरेचं पाणी आधीवाले आणि नंतरवाले एकमेकांशी भांडले. शेवटी दोन्ही पाणी पाजण्यात आली. पोट संध्याकाळपर्यंत जाग्यावर आलं. आवाज काही आला नाही. मध झालं, लिंबू झालं, कच्चं अंडं झालं. एवेलिओंनी आरशासमोर उभं राहून "कॉम्रेडहो" म्हणून पाहिलं, तर आरशावर नुसती वाफ उमटली.

"मला विचारशील तर हे बरंच झालं," निएवेस म्हणाली. "उद्या कुणी काही विचारलं तर गळ्याकडे बोट दाखव. ती नदीबिदीवाली आठवण पुन्हा लिही, आजोबांच्या जागी एखादा मेलेला मावसभाऊ घाल आणि कागद बाईंच्या हाती दे. मुक्या माणसाला खोटं पाडता येत नाही."

फाउस्तिनोचंही तेच मत पडलं. शहाणपणाचंच मत होतं. शनिवारी सकाळी कॉफी घेऊन एवेलिओ लिहायला बसले. मावसभावाला मारलंही. पण कागदांच्या त्याच चळतीत वर ओब्दुलियाबाईंची आठवण होती, त्यांच्याच अक्षरात उतरवलेली. "ओठ भाजेपर्यंत." तिच्याखाली हा मावसभाऊ ठेवायला त्यांचा हात धजेना. आपण यांना बावीस वर्षं फसवलं, आणि ही माणसं रोज आपल्याला त्यांच्या हातचं सर्वांत चांगलं ते देत राहिली, हे त्यांना त्या सकाळी असं काही लागलं, की कॉफी निवून गेली. त्यांनी नवा कागद घेतला आणि लिहिलं, "मी माझा पहिला सिगार काल दुपारी चार वाजता ओढला." मग सगळंच लिहिलं. शपथ, फाउस्तिनो, त्याचे निकाल, शिट्टी, कोंबडा, काही म्हणजे काही गाळलं नाही.

निएवेसनं वाचलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "काढलंच तर बस-स्थानकावर दुसऱ्या पुकारणाऱ्याची जागा आहे म्हणतात. पण आवाज यायला हवा आधी."

कारखान्यात पताका लागल्या होत्या. एवेलिओंनी ओब्दुलियाबाईंना गळ्याकडे बोट दाखवलं आणि कागद दिला.

"काय झालं हो? थंडी?" बाई म्हणाल्या. "हरकत नाही, आज मी वाचते. बावीस वर्षं तुम्ही आम्हाला ऐकवलंत, आज तुम्ही ऐका. बसा कुठेतरी."

रिकामी जागा फक्त शेवटच्या ओळीत होती, बेनिग्नोशेजारी. एवेलिओ आयुष्यात पहिल्यांदा बाकांच्या बाजूला बसले. डोक्यावर एक भलामोठा रशियन पंखा फिरत होता. बाई चौथऱ्यावर चढल्या, चष्मा लावला आणि वाचू लागल्या.

एवेलिओंना एक अक्षर ऐकू आलं नाही. पंखा असा काही घरघरत होता, की बाईंचे ओठ हलताना दिसत आणि मधूनच एखादा शब्द तरंगत येई. "पाद्री", मग बराच वेळ काही नाही, मग "न्हावी". पुढच्या ओळी एकदम स्तब्ध झाल्या. एमेतेरिओ अर्धा उठला, काहीतरी ओरडला. बाईंनी हातानं त्याला बसवलं. पुढे वाचलं. पहिल्या ओळीत कुणाचे तरी खांदे हलू लागले. हसू की रडू, मागून कळेना. मग समोरच्या सुऱ्या वाजू लागल्या. शेवटच्या ओळीनंही लगेच सुऱ्या उचलून इमानेइतबारे वाजवल्या.

एवेलिओंनी बेनिग्नोच्या कानाला तोंड लावलं. "काय म्हणाल्या बाई?"

"कुणास ठाऊक," बेनिग्नो सुरी वाजवतच म्हणाला. "इथे काय ऐकू येतं! पुढचे वाजवतात तेव्हा आम्ही वाजवतो."

"आजच?"

बेनिग्नो अवघडला. त्यानं पंख्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या पानाकडे. "नाही, तसं... सुरुवात येते ऐकू. तुमचा आवाज मोठा आहे, तुम्ही सुरुवात जोरात करता. पण वाक्याच्या शेवटी जरा खाली उतरता ना, तिथे पंखा जिंकतो. आणि गोष्टीच्या शेवटी तर फारच हळू होता. शेवट आम्ही या ओळीत आपापले लावून घेतो."

"बावीस वर्षं? मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही एवढे रंगून वाचता," बेनिग्नो म्हणाला. "वाईट वाटलं असतं तुम्हाला."

एवढ्यात समोर बाईंनी काहीतरी विचारलं आणि हात वर झाले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, बघता बघता अख्खं दालन. बेनिग्नोचाही हात वर गेला.

"ठेवायला की काढायला?" एवेलिओंनी त्याची बाही ओढली.

"ते काही कळलं नाही."

एवेलिओ मोन्तिएल त्या हातांच्या रानाकडे बघत बसले. निरोप पुढून मागे बाकाबाकावरून यायला लागला. प्रत्येक जण मागे वळून मागच्याला सांगत होता आणि सांगताना शेवटच्या ओळीकडे बघत होता. अखेर समोरच्या बाकावरची बाई वळली.

"मास्तर, राहिलात. पण दर शनिवारी एक सिगार इथे आमच्यासमोर ओढायचा. आणि निकाल स्वतःच्या जिभेनं द्यायचा. एमेतेरिओ म्हणतो, त्या न्हाव्याला घट्ट आणि सैल यातलं काही कळत नाही."

एवेलिओंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बेनिग्नोनं कागदात काय होतं ते विचारलं आणि एवेलिओंनी कुजबुजत त्याच्या कानात सगळं सांगितलं.

"म्हणजे काल माझा ओढलात तो पहिला," बेनिग्नो म्हणाला. "कसा होता?"

"चारच झुरके झाले. चौथ्याला..." एवेलिओंनी डोळे मिटले. आज ते खरोखर आठवत होते. "चौथ्याला कॉफी भाजतानाचा वास असतो ना, तसं काहीतरी लागलं. आणि मागे थोडं गुळमट. मग मी पडलो. शेवटापर्यंत नाही पोचलो, बेनिग्नो."

बेनिग्नोनं मान हलवली. तो फळीवरचं पान सपाट करू लागला.

"मीही कुठे पोचलो," तो म्हणाला. "मास्तर, एक विचारू? ती दीपगृहातली विधवा. फार वर्षांपूर्वी वाचली होतीत तुम्ही. ती रोज कप्तानाच्या बोटीची वाट बघायची. शेवटी बोट दिसली इथपर्यंत आलं ऐकू. मग तुम्ही हळू झालात. लग्न झालं ना तिचं?"

बेनिग्नोच्या पलीकडचे दोघं वळायचं थांबले. त्यांच्या पलीकडचेही. अख्खी शेवटची ओळ हातातली पानं तशीच धरून बाकांवरून एवेलिओंकडे झुकली. एवेलिओंनी घसा खाकरून पाहिला. आवाज नव्हताच. त्यांनी सगळ्यांना खुणेनं आणखी जवळ बोलावलं, इतकं की अकरा डोकी एकमेकांना लागली, आणि उरल्यासुरल्या हवेत शेवटचं पान सांगितलं. बोट कप्तानाचीच होती. पण कप्तान तीत नव्हता.

बेनिग्नोनं बाहीनं डोळे पुसले.

"आणि मी इतकी वर्षं," तो म्हणाला, "तिला तीन मुलं दिली होती."